अक्काच्या रक्तातलं शिसं

प्रिय अक्का,

गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीला, परीला, माझ्या घरी घेऊन आले. तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

लग्नाआधी तू कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. मग दाजींनी तुला नरडाण्याकडच्या त्या शेडवर लावलं, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायला. काही महिन्यांत तू दूध उतू जाईपर्यंत समोर नुसती उभी राहायला लागलीस. पोट धरून बसायचीस. एकदा परीला फुंकणीनं मारलंस आणि तिच्याहून जास्त तूच रडलीस.

सासू म्हणाली, "हिना आंगमा काहीतरी शे." भगतानं तुला मिरच्यांची धुरी दिली. शेवटी दाजींनी तुला माझ्या धुळ्याच्या घरी आणून टाकलं. म्हणाले, "वेडी गळ्यात बांधली आमच्या." तू गप्प का बसलीस गं? शेडवर कुणी पाठवलं, एवढं तरी विचारायचंस.

मी नेलं त्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुला हात पुढे करायला सांगितले. मनगटं नुसती लोंबत राहिली. रक्त तपासून ते म्हणाले, "शिसं आहे, शेडवरच्या धुळीतून गेलेलं. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून मेंदूतही शिरतं. मग पेशींनी एकमेकींना द्यायचे निरोप बिघडतात. हा राग, हा विसर त्यातलाच. या वेड्या नाहीत."

तू माझ्याकडे बघून हसलीस. "ऐकं का? मी येडी नही शे."

औषधाला उशीर झाला होता. झटके येऊन तू गेलीस. तेराव्याला दाजी पोटभर जेवले. तुला वेडी म्हटल्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दाजींची नवी बायको त्याच शेडवर जाते, हे कळलं तशी मी तिला गाठलं. सगळं सांगितलं. तिनं आपला पदर झटकून पाहिला. मग हळूच म्हणाली, "परीले तुम्ही लई जा, ताई. मना कपडासले तीच धूळ शे."

"आणि तू?"

"मी कुठे जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कामावर गेल्याचं कळलं.

परीच्याही रक्तात शिसं निघालंय. तुझ्याइतकं नाही. डॉक्टर म्हणतात, धूळ थांबली तर उतरेल.

अक्का, परी त्या घरी परत जाणार नाही. आणि 'तुझी आई वेडी होती' असं कुणी तिला म्हटलंच, तर तिच्या बापानं तुला कुठे पाठवलं होतं, ते मी म्हणणाऱ्याच्या तोंडावर सांगेन. परीसमोर.

तुझी धाकटी,
सुनंदा