पांढऱ्या आयरिसचे गड्डे

आत्या, तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते, त्यामुळे माझ्या कामाबद्दल तुला काही सांगायची ही पहिलीच वेळ. मी जर्मनीत असते, लुडविग्सहाफेनजवळच्या एका गावात, आणि बागेतल्या आयरिसच्या फुलांचा रंग काही वर्षांनी बदलतो तो कशाने, हे शोधते आहे. शाळेत घालण्याआधी तूच मला शिकवायचीस. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मी पाटीवर लिहिते आहे, 'परसातल्या गुलबक्षीने रंग बदलला.' तू पिठाच्या हाताने पाटी ओढून घेतेस. "बदलताना पाहिलंस? नाही ना? मग पूस." मी रडले, पण पुसलं. तेव्हापासून एक ओळ लिहिली की तीनदा तपासते. इथले प्राध्यापक त्याला हसतात.

माझी घरमालकीण साठीला आलेली. नवरा महायुद्धात लढाईवर गेला तो परतलाच नाही. जाण्याआधी त्याने कुंपणालगत पांढऱ्या आयरिसचा वाफा लावला होता. आता तो जवळजवळ सगळा जांभळा फुलतो. "तर फ्रॉइलाइन, झाडं त्याचीच आहेत," ती म्हणायची; लग्न न झालेल्या मुलीला इथे असं म्हणतात. "माणसं दुःखाने काळवंडतात, तशी हीही." कामाखेरीज माझ्याशी बोलणारी ती एकटीच. रविवारी कॉफीला हाक मारायची आणि मी काडीसारखी दिसते म्हणत केकचा मोठा तुकडा माझ्या बशीत सरकवायची. वाफा तपासू का, असं विचारलं तेव्हा तिने आनंदाने खुरपं आणून दिलं. झाडं त्याचीच आहेत हे आता तुम्हीच लिहून द्या, म्हणाली.

दोन वसंत मी पांढरं फूल आलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला खुणेसाठी लोकरीचा धागा बांधत होते. धागा बांधलेल्या झाडांना पुन्हा फुलं आली ती पांढरीच, पण फार थोडी. या ऑगस्टमध्ये वाफा खणला. पांढऱ्यांचे आल्यासारखे गड्डे कुजून मऊ झाले होते. बोंडं कधी कुणी खुडली नव्हती, त्यातलं बी पडून उगवलेली जांभळी झाडं त्यांच्यावर चढून बसली होती; बियाचं झाड मूळच्या रंगाचं येतंच असं नाही. रंग कुणीच बदलला नव्हता. पांढरी मेली होती आणि त्यांच्या जागी दुसरीच वाढली होती.

घरमालकीण हात पुसत बाहेर येते. "त्याचीच ना?"

"नाही. त्याची गेली. ही वेगळी आहेत."

तिने एक मऊ गड्डा उचलला, पदराच्या ठिकाणी तिचा एप्रन असतो त्यात गुंडाळला आणि आत गेली. मी मागोमाग गेले नाही. त्यानंतर तीन रविवार झाले, हाक आलेली नाही. जिन्यात भेटली की गुटेन टाग, म्हणजे नमस्कार, म्हणते, तेवढंच.

प्राध्यापक म्हणाले, खरं सांगायला धैर्य लागतं. हे पत्र टपालात जाणार नाही, म्हणून लिहिते. ते धैर्य नव्हतं. तिला सांगायची गरजच नव्हती, अहवालात लिहून भागलं असतं. पण दोन वर्षांनी उत्तर हाती लागलं होतं, मला फार आनंद झाला होता, आणि या गावात तो सांगायला दुसरं कुणी नव्हतं.