रेंजच्या टेकडीवरचं गाव

५ जानेवारी, सोमवार

चोवीस नकाशे आले! गुंडाळी करून, वर रबर लावून, एसटीच्या पार्सलाने. कॉटवर पसरले. अख्खा जिल्हा कॉटवर आणि मी खुर्चीत.

जगदीशचा फोन. शाळेतला सोबती, आता जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात आकडेवारीच्या टेबलावर. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही — रोजनिशीतसुद्धा सावध राहायची सवय लागलीय. म्हणाला, जिल्ह्याचं नकाशापुस्तक निघतंय. लोकसंख्या, पिकं, पाणी, आरोग्य, जंगल. प्रत्येक नकाशाखाली शंभर शब्द हवेत, लोकांना वाचावेसे वाटतील असे. मी म्हटलं, मी वार्ताहर माणूस, माझं लिहिलेलं वाचवतं कोणाला? "तुले संस्कृत येस ना, शास्त्रीबुवा. मंग लिख!"

पाठशाळेत सहा वर्षं काढली, त्याची शिक्षा तीस वर्षं भोगतोय.

दुपारभर बघत बसलो. दाट वस्तीचा रंग गडद विटकरी. तापीकाठी, शहादा, प्रकाशा — सगळं विटकरी. मग उत्तरेला जाता जाता रंग फिका होत जातो, आणि सातपुड्यावर पार विरघळतो. जणू कुणी झोपेत रंगवलाय आणि वरच्या बाजूला येताना डोळा लागलाय.

बायको दारात उभी, चेतना. "जिल्हा उचला आते, माले पडनं शे."

७ जानेवारी, बुधवार

स्त्री-पुरुष प्रमाणाचा नकाशा. लिहिलं, सांख्यांच्या मते पुरुष नुसता बघत बसतो, सगळं काम प्रकृती करते. चेतनाला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "हाई लिखाले पुस्तक कसाले लागस?"

खोडलं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज सतरा नंबरचा नकाशा. वस्त्या आणि दवाखान्यापासूनचं अंतर. एक घर, एक काळा ठिपका. मी भिंग घेऊन तोरणमाळच्या घाटाने वर चढलो — खुर्चीत बसून, म्हणून दम लागला नाही.

आणि तिथे एक गाव सापडलं!

घाटरस्त्याच्या कडेला एक टेकडी. तिच्या अगदी माथ्यावर एक्केचाळीस ठिपके. इतके खेटून की फुलातले केसर वाटावेत. नाव वीरसिंगपाडा, माणसं २३८. भोवती काही नाही. खाली खोल दरी, तीही कोरी पांढरी. पहाडातली घरं अशी बसत नाहीत, जो तो आपापल्या शेतात, हाकेच्या पलीकडे. हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही शंका आली नाही. सुंदर गोष्टीला कोण उलटतपासणी करतं?

शंभराचे एकशे साठ शब्द झाले. "ढगांच्या उशाशी निजलेलं गाव." "जिथे एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या अंगणात शिरतो." दवाखाना सव्वातीन किलोमीटर, म्हणजे तेही सुख. रविवारच्या पुरवणीला हाच मजकूर पाठवला, एका दगडात दोन कामं. मग डोळे मिटून बराच वेळ त्या माथ्यावर फिरलो. वारा होता. दारात बसलेल्या बायका एकमेकींना हाक न मारता बोलत होत्या.

एकोणीस नंबरच्या, आरोग्याच्या नकाशात त्याच टेकडीवर एक लाल ठिपका. शाई सांडली असावी. नखाने खरवडून पाहिला. निघेना.

११ जानेवारी, रविवार

छापून आलं. ठळक चौकटीत! दोन मास्तरांचे फोन. दोघांनाही तिथे सहल न्यायचीय.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी अनोळखी नंबर. पलीकडे वारा घोंघावतोय आणि एक बाई ओरडून बोलतेय.

"भाऊ, मी रिना. आशा सेविका आहे, वीरसिंगपाड्याची. तुमचं वाचलं. कोणीतरी मोबाइलवर पाठवलं."

मी खूश होऊन म्हटलं, कसं वाटलं?

"चांगलं लिहिलं. पण आमचं गाव तुम्ही टेकडीवर बसवलं. तिथे पाणी कोण आणणार?"

ती हसली. मग हसणं थांबवून सांगितलं ते असं —

टेकडीवर एकही घर नाही. पाडा खाली दरीत आहे, पसरलेला. तिने पावसाळ्यात घरोघर फिरून सगळी माहिती मोबाइलात भरली. दरीत रेंज नाही. रेंज येते ती एका टेकडीच्या माथ्यावर. तिथे उभं राहून तिने एकेक घर पाठवलं, एक्केचाळीस वेळा बटण दाबलं. आणि बटण जिथे दाबलं ते ठिकाण मशीनने घराचं म्हणून धरलं.

"आता यादी होतेय म्हणे, उपकेंद्राची. पाचच्या आत ज्यांचं अंतर, त्यांना नाही. आमचं सव्वातीन दाखवतंय. मी सांगितलं वर, दोनदा. तुम्ही तर छापूनच टाकलं. आता कोण ऐकणार? माझी जाऊ सुमली, तिचे दिवस भरत आलेत, भाऊ. तिला वर आणायचं म्हणजे झोळीत घालून. आणि बापे सगळे ऊसतोडीला गुजरातेत."

फोन कुठून करतेस, असं मी विचारलं. काय मूर्ख प्रश्न!

"टेकडीवरून. तुमच्या गावातून."

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ घेऊन नंदुरबारला जगदीशकडे. गोड बोलायला आजचा दिवस बरा.

त्याला सतरा नंबर दाखवला. दरीवर बोट ठेवून विचारलं, हा पांढरा रंग म्हणजे माणूस नाही, की माहिती नाही?

"दोन्हीसले एकच रंग शे."

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार पाडले, त्यासाठी आयुष्यं घालवली. यांनी एका डब्यात काम भागवलं. हे मी त्याला बोललोही. तो तिळाची वडी चघळत म्हणाला की नैयायिकांना मार्चअखेर नव्हता.

पण ऐकून घेतलं. यादी तेवीसला पुढे जाणार. ठिकाण बदलायचं तर त्या जागेवरूनच नवी नोंद पाठवायला हवी. म्हटलं, जागेवर रेंज नाही, हेच तर दुखणं! मग म्हणाला, कागदावर दे. प्रत्येक घराचे अक्षांश-रेखांश, आणि तुझी नि त्या आशाची सही. आणि एक रकाना आहे, "चुकीची जबाबदारी कोणाची". तो रिकामा ठेवता येत नाही. तिथे नाव पडलं की त्या बाईला नोटीस.

परतीच्या गाडीत तो रकानाच डोळ्यांपुढे. कागदावर केवढा लहान चौकोन असतो तो! माझं नाव त्यात बसलं असतं, आनंदाने बसवलं असतं. पण छापणाऱ्याच्या चुकीला रकानाच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

वीरसिंगपाडा. हे रात्री, रिनाच्या घरी सागाच्या खांबाला टेकून लिहितोय. गुडघे माझे राहिलेले नाहीत.

रिना टेकडीवर उभी होती. तिशी-पस्तिशीची, खांद्याला पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. टेकडी पाहिली. खडक, वाळकं गवत, शेळ्यांच्या लेंड्या. माझं ढगांच्या उशाचं गाव. "बसा ना घरात," रिना म्हणाली आणि एका धोंड्याकडे बोट दाखवलं.

मग उतरण. दोन तास. ती बोलत उतरत होती, मी देवाचं नाव घेत. वाटेत एक गंमत समजली. दरीत फोनला रेंज नसली तरी आपण कुठे आहोत हे त्याला बरोबर कळत असतं, आकडे दाखवतो. फक्त कुणाला सांगता येत नाही. मी चालता चालता थांबलो. दम लागला म्हणून, असं रिनाला सांगितलं.

घरं म्हणजे काय — एक इथे, दुसरं ओढ्यापलीकडे, तिसरं समोरच्या उतारावर. कुडाच्या भिंती, वर कौलं, भोवती आपापलं शेत. घराशी जायचं, रिना आकडे वाचणार, मी वहीत उतरवणार. उत्तर अक्षांश एकवीस... पुढचे दशांश. मंत्रासारखे. पाठशाळेत असंच घोकायचो, अर्थ न कळता. इथे अर्थ समोर उभा राहून बघत असे, कडेवर पोर घेऊन.

सुमलीच्या दारात चहा झाला. जेमतेम विशीची. ओटीवर बसून मक्याचे दाणे सोलत होती, पोटापुढे सूप धरून. मला मराठीतून एकच विचारलं, "वर गाडी किती वेळात येईल?" मी रिनाकडे पाहिलं. रिना त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मला कळलं नाही, बरं झालं.

वीरसिंग म्हणजे रिनाचे सासरे. आजोबाचं नाव पाड्याला, आणि त्यांनाही. विडी ओढत माझ्याकडे बघत राहिले.

"तू नेलं काय गाव वरती?"

हो म्हटलं.

"मग खांब पण न्यायचे होते. सागाचे आहेत. आम्हाला उचलत नाही."

संध्याकाळी तिच्या घराकडे चढताना रिनाला त्या लाल ठिपक्याचं विचारलं. शाई असावी म्हणून. ती न थांबता सांगत गेली.

"दिवाळीच्या आधीचं. खालच्या घरातलं. आईला झोळीतून आणत होतो, अर्ध्या वाटेत झालं. पोरगा. दवाखान्यात पोचेपर्यंत नव्हता. ती नोंद पण वरूनच केली मी."

मी नखाने खरवडला होता.

१८ जानेवारी, रविवार

उरलेली एकोणीस घरं. एक्केचाळीस पूर्ण. पाय सुजले.

१९ जानेवारी, सोमवार

घरी, शहाद्याला. तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवला. चेतना गरम पाण्याची बादली ठेवून गेली. त्यात पाय, मांडीवर दरी. घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन. डोळे मिटले की प्रत्येक आकड्याशी एक वाट उघडते आणि तिच्या टोकाला कुणीतरी काहीतरी सोलत बसलेलं असतं.

पहिलं गाव सुंदर होतं, नाही म्हणत नाही. हे काही तसं नाही. पण यातून बाहेर पडवत नाही.

चेतना म्हणाली, "तिना नंबर शे का तुमनाकडे? त्या सुमलीना?" नंबर कुठला! दरीत फोन लागत नाही, सांगितलं. "मंग नुसतं लिखीसन काय व्हस?"

२० जानेवारी, मंगळवार

जगदीशने तक्ता वरून खाली, खालून वर वाचला. चष्मा काढला. "तू गया व्हता? पायी?"

मग तो रकाना आला. चुकीची जबाबदारी. मी म्हटलं, लिही — नोंद बरोबर, जागा रेंजची. तो हसला. माझ्याकडे न बघता पेन उचललं आणि लिहिलं: "तांत्रिक."

या एका शब्दाने या जिल्ह्यात किती जण तरले असतील! व्याकरणात त्याला विशेषण म्हणतात. मी आजपासून देवता म्हणेन.

नकाशाखालचा माझा मजकूरही काढून घेतला. जगदीशला वाईट वाटलं. "भारी व्हतं रे ते."

२३ जानेवारी, शुक्रवार

यादी गेली. वीरसिंगपाडा, ९.४ किलोमीटर. चौथा क्रमांक! वरच्या पाचांना उपकेंद्र. मंजुरी, निविदा, बांधकाम — दीड-दोन वर्षं धरायची. रिनाला कळवायचं तर ती टेकडीवर यायला हवी. दिवसभर लावत होतो. चार वाजता लागला.

"चौथा म्हणजे मिळणार?" मिळणार. दोन वर्षांत.

"भाऊ, दोन वर्षं सुमली थांबणार नाही."

तिला वर दवाखान्याजवळ आणून ठेव म्हटलं. गाडीचे मी देतो, खोलीचं बघतो. ती म्हणाली, तेच करतेय, दोन दिवसांत आणते, बाया गोळा झाल्या की.

जगदीश म्हणतो, नकाशातले ठिपके मंगळवारी दरीत उतरवणार. एक्केचाळीस घरं, दोनशे अडतीस माणसं, एका बटणात. आपल्याला दोन तास लागले होते.

२५ जानेवारी, रविवार

फोन नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाच्या चार बातम्या. सगळ्यांत "उत्साहात". फोन नाही. चेतना दोनदा येऊन बघून गेली, मी काय लिहितोय ते नव्हे.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी सव्वाअकरा. रिना. वारा, मागे बायकांचा गलका, आणि त्या गलक्यात एक बारीक चिरका आवाज.

सहा बायांनी झोळी वर आणली. गाडी पोचायच्या आधीच, माथ्यावर, धोंड्याच्या आडोशाला. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. रिनाने नोंद तिथेच केली, बटण तिथेच दाबलं.

जगदीशला लगेच फोन लावला. म्हटलं, सगळ्यांना खाली उतरव, पण टेकडी कोरी करू नकोस. तिथे एक जण आहे.