एकाच खड्यात दोन आणि चार

आई,

तुला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि मला अक्षर येत नाही, म्हणून हे माझी नात लिहिते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. लिहू दे, शिकलेल्यांना तेवढी हौस असतेच. माणसांचं बोलणं मात्र जसंच्या तसं ठेव म्हटलंय.

मिरजगावच्या त्या स्वयंपाकघरात संक्रांतीआधी तू आठवडाभर शेगडीपुढे बसायचीस, नव्या सुनांच्या हलव्याच्या दागिन्यांसाठी. परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक, आणि काटा फुटेपर्यंत बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. मी आठ वर्षांची, तुझ्या शेजारी बसून हलवते आहे. दोन तीळ एकमेकांना चिकटतात. तू परात ओढून घेतेस. "वल्या हाताची कुठली! जुळा दाणा दागिन्यात चालत न्हाई, फेक तो." हात कोरडा होता, आई. मी तेव्हाही सांगितलं होतं. पण परातीपुढे तू देवाचंही ऐकलं नसतंस.

तर ही नात पुण्याला शिकते. काय शिकते म्हणशील, तर खडे वाढवते. मी म्हटलं, "त्यापायी पुणं कशाला? खडीसाखर वाण्याकडं बी मिळती." म्हणे साखरेचे नाहीत, प्रथिनाचे. आपल्या रक्तात, दुधात, डाळीत असतात ते कण. ते पाण्यात विरघळवून ठेवायचे, मग ते आपले आपण रांगेत येऊन उभे राहतात, लाखांनी, आणि त्यांचा खडा होतो. मोडल्या हाडाचा काढतात तसला फोटो त्याचा काढायचा, आणि आत कोण कसं उभं आहे ते गणितानं ओळखायचं.

गेल्या साली पाऊस नव्हता, तेव्हा दिवाळीला ती रडवेल्या तोंडानं घरी आली. तिच्या खड्यात काही कण दोन-दोनच्या जोडीनं दिसत होते, काही चार-चारच्या घोळक्यानं. सर म्हणाले, एका खड्यात असं नसतं, तुझ्या हातून दोन खडे चिकटले असणार, टाक तो आणि दुसरा घे. दुसरा घेतला तर पदवी लगेच. हाच खरा हे दाखवायचं, तर पुन्हा पहिल्यापासून वाढवायचे, म्हणजे आणखी एक वर्ष. आणि तिचा बाप, माझा लेक, वर्ष द्यायला तयार नव्हता. "लई झालं शिक्षान. आता लगनाचं बघायचं." आमच्या घरात शेवटचा शब्द माझा, म्हणून दोघं माझ्यापुढे येऊन बसली.

तिनं तो खडा काचेच्या बारीक नळीत मेणानं बंद करून आणला होता. माझ्या डोळ्याला भिंग लावलं, नळी उन्हात धरली. राईच्या निम्मा जीव, पण काय त्याच्या कडा, आई! मी बघतच राहिले. आत म्हणे जोड्या आणि चौकड्या शेजारी शेजारी, आणि बाहेरून एक रेघ वाकडी नाही. कुणी मांडलं असेल हे? कुणाची बोटं फिरली असतील?

मी तिला एवढंच विचारलं, "हात वला हुता का गं तुझा?"

"नाही आजी. हात लावलाच नाही. नुसती बघत बसले होते."

मी लेकाकडे वळले. "वर्स दे तिला. मला समदं समजलंय."

"काय समजलं आये तुला?"

"तुझ्यापरीस जास्त."

तो टोपी झटकून उठला, पण स्थळ बघायला गेला नाही.

काल ती आली. पुन्हा खडे वाढवले, पुन्हा फोटो काढले, दुसऱ्यांकडूनही तपासून घेतलं. सगळ्यांत तेच. जोड्याही खऱ्या, चौकड्याही खऱ्या, एकाच खड्यात. सर आता येईल त्याला बोलावून दाखवतात म्हणे, जसं काही त्यांनाच आधी दिसलं. आणि मी सकाळपासून मिठाचा खडा चिमटीत धरून बसले आहे, आमटीत टाकवत नाही. जन्मभर मीठ टाकत आले, कधी विचारलं नाही की आत कोण कुणाचा हात धरून उभं आहे. सून दोनदा डोकावून गेली, म्हातारीला काय झालं म्हणून.

नात विचारते, पत्र पाठवायचं कुठं? कुठंच नाही, राहू दे घरात. एवढं मात्र लिही: लेकाला 'मला समदं समजलंय' म्हणाले, तेव्हा मला त्यातलं काडीचंही समजलं नव्हतं. पोरीचं तोंड बघून ठोकून दिलं. हे तिला आजवर माहीत नव्हतं, आई. आत्ता लिहिता लिहिता ती थांबली आहे.