धुक्यातला वाटा

३ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. ट्रकच्या मागे शिवणयंत्र, दोन ट्रंका आणि मी, अशी आमची वरात दुपारी वरच्या वस्तीवर आली. बेचाळिसाव्या वर्षी लग्न करून मेंढपाळाच्या घरी नांदायला निघाले, तेव्हा ताई म्हणाली होती की तुला वेड लागलंय. लागलंय खरं. घर दगडी, बुटकं, दोन खोल्यांचं. मधल्या भिंतीपलीकडेच मेंढवाडा, त्यामुळे ऊब आणि वास दोन्ही फुकट. माणसं तीनच: आमचे हे, सासूबाई आणि दीर. दीर महावात्रट. पाणी पिऊन होतंय तोवर त्यांनी माझं ‘टाकेवाल्या वहिनी’ असं बारसं करून टाकलं. हे फारसं बोलत नाहीत, पण खिडकीखालची जागा माझ्या मशीनसाठी आधीच रिकामी करून ठेवली होती. मला एकदम भरून आलं.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या कमरेला चामड्याच्या पट्ट्यात ओवलेली पितळी घंटी बांधली. इथे मेंढ्यांनाही घंटी आणि माणसांनाही. चला, या वयात नवरा मिळाला आणि वर हरवायची भीतीही गेली!

५ नोव्हेंबर

घंटीचं कारण आज कळलं. वरच्या कड्यात लांडगे आहेत. घरात त्यांना ‘शेजारी’ म्हणतात, आणि तेही आदरानं. सासूबाई सांगत होत्या की धुक्यात कुणालाच काही दिसत नाही, शेजाऱ्यांनाही नाही. म्हणून ज्याच्या अंगावर घंटी तो माणसांचा, ज्याच्या अंगावर नाही तो त्यांचा. मोठं धुकं उतरलं की एका मेंढीची घंटी काढून तिला वाड्याच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे बांधायचं. हा त्यांचा वाटा. तो घेऊन ते निघून जातात, बाकी कुणाला शिवत नाहीत. बंदूक या घरात कधी आली नाही. मला हसू आलं, पण मेंढ्या खरोखरच धष्टपुष्ट आहेत, तेव्हा हसू गिळलं.

माझी एक मैत्रीण झालीय. लंगडी म्हणतात तिला. पुढचा पाय वाकडा. सारखी खिडकीशी येऊन माझ्या चिंध्या चघळते. कालची कापलेली बाही खाल्लीन मेलीनं.

८ नोव्हेंबर

सकाळी धुकं उतरलं. समोरची भिंतसुद्धा दिसेना. दिरांनी वाटा म्हणून लंगडीला नेलं. तशीही चालत नाही, म्हणाले. ती तिकडून ओरडत होती. मी मशीन चालवलं, उगाचच, कापडाशिवाय. तरी ऐकू येतच होतं.

सगळे वाड्यात असताना मी तिच्याकडे गेले. दोर सोडायचं धाडस झालं नाही, पण माझी घंटी काढून तिच्या गळ्यात बांधली. मी काय, दहा पावलांत घरात. आमच्या दोन कुत्र्यांतला एक जवळच धुक्यात उभा राहून बघत होता. चल घरी म्हटलं, तर आला नाही. तसाच बघत राहिला, आधी लंगडीकडे, मग माझ्याकडे.

घरी आले तर दोन्ही कुत्रे उंबऱ्याशी झोपलेले होते.

९ नोव्हेंबर

लंगडी जिवंत आहे. तिच्या गळ्यातली घंटी बघून सासूबाई तिथेच चिखलात बसल्या. मला वाटलं, आता शिव्या मिळणार. त्यांनी फक्त विचारलं, घंटी काढलीस तेव्हा कुणी बघितलं का. मी कुत्र्याचं सांगितलं. ह्यांनी माझा हात धरला आणि घरात येईपर्यंत सोडला नाही.

माझी घंटी परत माझ्या कमरेला बांधली. लंगडीला पुन्हा बाहेर ठेवलं, बिनघंटीची. या वेळी मी उंबऱ्याबाहेर गेले नाही.

१० नोव्हेंबर

धुकं तसंच आहे. सकाळी दारावर काहीतरी घासलं गेलं. दिरांनी दार उघडलं तर लंगडी उभी होती. कुरतडलेला दोर गळ्यात लोंबत होता. अंगावर एक ओरखडाही नाही.

सासूबाई म्हणाल्या की ते वाटा बदलून घेत नाहीत. एकदा समोर ठेवलं ते ठेवलं.

मी विचारलं, काय ठेवलं? सगळे माझ्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

१२ नोव्हेंबर

शेजारी आता बाहेरच्या भिंतीवर येऊन बसतात. दुपारी जरा धुकं विरळ झालं तेव्हा दिसले. गुरगुरत नाहीत, काही नाही. सगळ्यांची तोंडं माझ्या खिडकीकडे. एक तर वाड्यात उतरला आणि मेंढ्यांमधून चालत आला. मेंढ्यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली, जशी ओळखीच्याला देतात. कुत्र्यांनी पंजांवर डोकी ठेवली.

मशीन खिडकीपासून ओढून आत घेतलं. मला भीती वाटते. आजवर कधी वाटली नव्हती अशी.

१३ नोव्हेंबर

खाली पळून जायचं ठरलं. हे आणि मी निघालो. रस्त्याच्या वळणावर ते आडवे बसलेले होते. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. परत फिरलो तेव्हा मागे मागे आले, घरापर्यंत, आमच्याच चालीनं.

माझी घंटी वाजत होती सबंध वेळ. त्यांच्या कानांवर ती जातच नसावी.

१४ नोव्हेंबर

वाड्यातला चारा संपत आलाय. मेंढ्यांना बाहेर काढता येत नाही. कोकरं ओरडतात. दीर मला आता ‘टाकेवाल्या वहिनी’ म्हणत नाहीत. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकलं — एका माणसापायी सगळा कळप — पुढचं ऐकू आलं नाही. सासूबाईंनी थोबाडीत मारल्याचा आवाज आला.

नंतर त्या येऊन माझ्याजवळ बसल्या. केस विंचरून दिले. मी रडले. मला जगायचंय हो. आत्ता कुठे संसार सुरू झालाय माझा.

१५ नोव्हेंबर

हे म्हणतात, काहीतरी करतो. काय ते सांगत नाहीत. दिवसभर मला नुसते बघत होते. त्यांना शर्ट शिवायला घेतलाय. माप घेताना त्यांचं काळीज हाताला लागत होतं.

१६ नोव्हेंबर, सकाळ

उठले तर मशीनवर ह्यांची घंटी. पट्ट्यासकट. अर्धा शिवलेला शर्ट नाही. तो घालून —

बाहेर पाऊल टाकवेना. दारातून हाका मारल्या. धुक्यातून ओ नाही. सासूबाईंनी मला आत ओढलं, अडसर घातला. त्या जात्यासारख्या जड होऊन दाराला टेकून बसल्यात. त्यांना माहीत होतं. पोराला जाऊ दिलं त्यांनी. माझ्यासाठी.

दुपार

भिंतीवर कुणी नाही. एकही नाही. गेले? ह्यांना घेऊन गेले —

मी काय केलं. एका मेंढीपायी मी काय करून बसले.

कुत्रे उठले. शेपट्या हलवताहेत.

कुणीतरी येतंय. चाल ओळखीची. शर्ट — माझा शर्ट, एका बाहीचा — हे! हे परत आले! चालत येताहेत, चांगले धडधाकट, देवा, चांगले चालत —

सासूबाईंनी अडसर काढला. हे दारात उभे आहेत. रडताहेत. माझ्याकडे बघून मान हलवताहेत, नाही, नाही अशी. मी सगळीकडून बघितलं. हात, मान, पाठ. कुठेही काही नाही. एक ओरखडासुद्धा —

लंगडीलाही नव्हता.

कुत्र्यांनी पुन्हा पंजांवर डोकी ठेवली. ह्यांच्या मागे दार अजून उघडंच —