रोडग्यांविषयी खुलासा

किन्हीराजा, बुधवार

आदरणीय व्याही सुखदेवराव यांना जानरावचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असालच. विहीणबाई रत्नमालाताईंचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवावे. आपल्या वडील भगिनी गोजराबाई आमच्याकडून सुखरूप कारंजाला पोहोचल्या असतील आणि त्यांचे पाणी पिणे एव्हाना थांबले असेल, अशी आशा करतो. फोन न करता पत्र का लिहिले, तर माझा मोबाइल मालेगावला दुरुस्तीला आहे. त्याच्या चार्जरच्या भोकात कणीक जाऊन वाळली. दुकानदार ती टाचणीने कोरतो आहे आणि मोबाइलमध्ये कणीक कशी गेली ते मला पुन्हा पुन्हा विचारतो आहे. शिवाय फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता. (राग मानू नका, पण तोडता.) जन्मभर पोस्टात राहून लोकांची पत्रे वाटली, आता स्वतःचे एक टाकावे म्हटले.

गोजराबाईंनी तुम्हाला काय सांगितले असेल, याची मला कल्पना आहे. त्यांनी सांगितलेले सगळे खरे आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. तो समजायचा तर सुरुवातीपासून सांगावे लागेल. आमची सून म्हणजे तुमची सपना (हे तुम्हाला माहीत आहे, पण खुलासा असाच लिहितात) वाशीमला दवाखान्यात नर्स, प्रसेनजित तिथेच कचेरीत, दोघांच्या ड्यूट्यांचा मेळ बसत नाही, म्हणून आमचा चार वर्षांचा नातू उत्कर्ष किन्हीराजाला आमच्यापाशी असतो. मध्यंतरी सपना सुटीत आली तेव्हा मी त्याला राजाची गोष्ट सांगत होतो. राजा जेवायला बसला एवढे मी बोललो आणि पोराने माझ्या कपाळावर बोट टेकवून म्हटले, "स्किप." सपनाने ते पाहिले. तिने माझा मोबाइल उचलून कपाटावर ठेवला आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली, "आबा, पुन्हा याच्या हातात मोबाइल दिसला ना, तर मी याले कारंजाले बाबाकडे ठेवतो. तिथं बाबा त्याच्यासंगं खेयतात तरी." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माझ्या बायकोने, लिलाबाईने, त्या दिवशी भाकरी केल्या त्या मी जेवलो, पण कशासोबत जेवलो ते आठवत नाही.

आता "बाबा खेळतात" म्हणजे काय, ते कुटुंबाच्या ग्रुपवर आम्ही पाहिलेच होते. घरच्या घरी मुलांसाठी खेळायचे पीठ करून तुम्ही त्याचा जो मोर बनवला, त्याचा फोटो इथे सर्वांना आवडला. (काहींना तो कोंबडा वाटला. मी वाद मिटवला.) खाली तुम्ही कृतीही टाकली होती: मैदा, त्याच्या निम्मे मीठ, थोडे तेल, पाणी, रंग, आणि क्रीम ऑफ टार्टर. या शेवटच्या जिनसेपायी माझी गावात जी शोभा झाली तिचा थोडा दोष तुमच्याकडे येतो. सेवादास किराणावाल्याने 'क्रीम' ऐकून तोंडाला लावायची डबी काढली. मी म्हटले, नाही, टार्टरचे. तो म्हणाला, "ट्रॅक्टरचं ग्रीस माह्यापाशी नाही भाऊ, फाट्यावर भेटन." शेवटी लिंबू पिळून भागवले.

मैदा मात्र मी घेतला नाही. पोर आहे, तोंडात घालणारच, मग घरच्या गव्हाचे असलेले काय वाईट, असा विचार केला. पहिल्या खेपेला कढईत शिजवले, ते कढईलाच राहिले. (कढई लिलाबाईच्या माहेरची आहे. तो विषय वेगळा.) दुसऱ्या खेपेला गरम पाण्यातच मळले. फडताळात खालच्या डब्यात जाडसर दळलेले पीठ होते ते घेतले, मीठ तुमच्या मापाने निम्मे, तेल सढळ हाताने घातले, आणि बाजारचा रंग नको म्हणून हळद टाकली. असा पिवळाधमक गोळा झाला की मला स्वतःचेच कौतुक वाटले. उत्कर्ष तेव्हापासून दिवसभर त्यातच रमलेला असतो. (हाक मारली की येतोच. थोड्या जास्त मारायला लागतात एवढेच.) आम्ही त्याचे बैल करतो. डोळ्याच्या जागी ज्वारीचा दाणा लावला की बैल आपल्याकडे बघतो आहे असेच वाटते. मान तेवढी पडते. खेळून झाले की बैल मोडायचे, पुन्हा गोळा करायचा आणि ओल्या फडक्याखाली परातीत झाकून ठेवायचा, असा आमच्या घरचा नियम आहे.

गेल्या शुक्रवारी मी पोराला घेऊन न्हाव्याकडे गेलो होतो. लिलाबाई वावरात गेलेली, आणि तिला रस्त्यातच गोजराबाई भेटल्या. बसमधून उतरून आमचेच घर विचारत येत होत्या. सहज आल्या म्हणाल्या. (कारंजाहून किन्हीराजाला सहज कोणी येत नाही, व्याहीबुवा, पण ते असो. कोणी पाठवले ते मी विचारणार नाही.) दोघी घरी आल्या, पाहतात तर घरात कोणी नाही, पण ओल्या फडक्याखाली परातभर कणीक. तीही जाडसर पिठाची, तेल घातलेली, हळद टाकलेली. आता तुम्हीच सांगा, आपल्या वऱ्हाडात अशी कणीक दिसली तर माणूस काय समजेल? लिलाबाई तेच समजली. रोडगे! तिने रोडग्यासाठीच वेगळे दळून आणलेले पीठ होते ते, माझ्या ते लक्षातच आले नव्हते. पाहुण्या येणार हे मला कुठून तरी कळले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा शहाणपणा केला, असे तिला वाटले. तिला भरून आले म्हणे. तिने लगेच कणकेचे गोळे भाजायला अंगणात गोवऱ्या पेटवल्या, वरण टाकले, वांगी चिरली. आणि या माणसाला मीठ कुठले आठवते, असे म्हणून मायेने त्या कणकेत आणखी मूठभर मीठ घातले.

मी पोराला घेऊन दारात आलो तेव्हा गोवऱ्यांच्या धुराचा वास आला आणि मी खूश झालो. परात रिकामी दिसली तेव्हा खुशी गेली. तोवर पाने वाढून झाली होती. गोजराबाई पाटावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या ताटात माझे बैल निखाऱ्यात भाजून, तुपात बुडून पडले होते. मी तिथेच बोलायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. बोलतो कसा? गोजराबाई पोराची आबाळ होते का ते बघायला आलेल्या. त्यांना पहिल्याच घासाला "ताई, थांबा, तुमच्या ताटात खेळणे आहे" असे सांगायचे? आणि ते सपनाच्या कानावर गेल्यावर पोरगा माझ्याकडे राहील? मी पाण्याचा तांब्या जवळ घेतला आणि जेवायला बसलो.

रोडगा हाताने फुटतो, हे तुम्ही जाणता. हा फुटला नाही. गोजराबाईंनी आधी अंगठ्याने दाबला, मग मूठ मारली, मग लिलाबाईकडे बघून हसल्या. लिलाबाईने लाजेने खाली पाहिले आणि खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. बत्त्याने फुटला. वरणात कुस्करायचा प्रयत्न झाला, तो वरणाने मान्य केला नाही. मग पहिला घास गेला. मी असे धैर्य पाहिलेले नाही. त्या बाईने तो घास गिळला, वर पाणी ओतले आणि दुसरा घेतला, कारण पाहुण्याने पान टाकायचे नसते. मीही घेतला. लिलाबाईने पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि तिची ती नजर अजून माझ्यावरून हटलेली नाही. तांब्या तिघांत फिरत होता. एवढ्यात गोजराबाईंनी तोंडातून काहीतरी बोटावर काढून उजेडात धरले. म्हणाल्या, "रोडग्यात ज्वारीचा दाना कायचा वं?"

उत्कर्ष शेजारीच वरणभात खात होता. तो म्हणाला, "दाना नाही, डोया हाय तो. तू आबाचा बैल खाल्ला." (आबाचा म्हणाला. लहान मुले प्रेमाने स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या नावावर करतात.)

पुढचे तुम्हाला कळलेच असेल. गोजराबाई उठल्या, चूळ भरली, पुन्हा भरली. एवढेच म्हणाल्या, "पोराले मातीत खेयू द्या ना. गावात मातीचा दुष्काय पडला काय?" मी सांगितले की मातीला सपनाची मनाई आहे, जंत होतात. त्यावर त्या म्हणाल्या, "अन् याच्यानं काय होते, ते मी सांगू काय?" मग बाटलीभर पाणी घेऊन त्या दुपारच्या गाडीने गेल्या. माझे म्हणणे इतकेच की हे प्रकरण रोडग्याचे आहे, पोराच्या सांभाळाचे नाही. ज्या घरात आजोबा नातवासाठी स्वतः पीठ मळतात, त्या घरात पोराची आबाळ होते असे कोणी म्हणू शकत नाही. विषारी काही नव्हते. सगळे घरचेच होते. मीठ तेवढे सरकारमान्य आयोडीनयुक्त होते.

लहानांना गोड पापा, थोरांना जयभीम. गोजराबाईंना माझे नाव घेऊन काही सांगू नये.

आपला,
जानराव

ता. क. सपनाचा शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की तुम्ही रविवारी उत्कर्षला न्यायला येणार. या, घर तुमचेच आहे. पण रविवारी मालेगावकडच्या गाड्यांचा भरवसा नाही. पुढच्या रविवारीही नसतो. पोराला थोडी सर्दीही आहे. (म्हणजे होईल असे वाटते.) तेव्हा घाई नको.

ता. क. दुसरा. नेलेच तर त्याला झोपताना पाठ खाजवून लागते. हे सपनाला माहीत नाही.

इवाईबुवा, जयभीम. मी लिलाबाई. पाकीट डकवाले माह्यापाशी देलं म्हनून वाचलं. यायनं लिवलं ते अर्धं खरं हाय. पोरगं त्या पिठासंगं दोन रोज खेयलं अन् सोडलं. आता ते अंगनात डबडे भरते अन् ओतते. कनीक हेच मयतात. दुपारी खाटेवर बसून बैल करतात, मान पडली का पोराले हाका मारतात, पोरगं येत नाही. मंग हेच डोये लावतात. मोबाइलात कनीक यायच्याच हाताची गेली, तुमचा मोर मोठा करून पाह्यत होते. पोस्टातून रिटायर झाल्यावर हा मानूस जेवला का भिताडाकडे तोंड करून बसे, इचारलं त म्हने काही नाही. आता तसे बसत नाहीत. तुमी पोराले न्यान त ते दोन रोज रडन अन् तुमच्याइथं रमन, लेकराचं काय. पन मंग यायच्यासंगं कोन खेयन? पोरगं राहू द्या.