टाचणी ओळख बघून टोचत नाही

प्रिय ताई,

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी रांग मोडल्यासारखं, तेवढं सांभाळून घे. शाळेत टिकलो असतो तर सुधारलं असतं, पण माझ्या पायाला भिंगरी, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच नेमकं काहीतरी विचारतेस आणि मी बगल देतो. कागद मधे बोलत नाही.

आधी त्या व्हिडिओचं. आमच्या खोलीत आम्ही सहाजण आणि सहाजणांत एक जुना कॉम्प्युटर, खिडकीखाली पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला. सगळ्यांची खाती त्यावर कायम उघडी, कारण कामावरून आल्यावर बोटं अशी ताठलेली असतात की पासवर्ड टाइप करायचाही कंटाळा येतो. पासवर्ड तरी काय, सगळ्यांचा एकच, खोलीचा नंबर दोनदा. तोही कोणी विसरू नये म्हणून भिंतीवर खडूनं लिहिलेला. कुलूप घालायचं आणि किल्ली त्याच दाराला टांगायची, अशातली गत.

त्यात मला एक निरोप आला, तुझं पान कोण कोण बघतं ते जाणून घे म्हणून. म्हटलं बघू तरी, घरचं कोणी आठवण काढतं का. दाबलं. मग ते म्हणालं अमुक एक बसवून घ्या, तेही बसवलं. दिसलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या झाडून सगळ्यांना माझ्या नावानं निरोप गेला की या व्हिडिओत तूच आहेस ना. खोलीतल्या पाचही जणांनी उघडला. आमच्या स्वयंपाक्यानं तर दोनदा, पहिल्यांदा काही दिसलं नाही म्हणून. आमच्यातल्या जाड्याच्या खात्यावरून तो थेट त्याच्या सासऱ्यांना गेला, ते अजून जावयाशी बोलत नाहीत. हसू नकोस. खोलीतल्या ड्रायव्हरचं खातं कायमचं गेलं. त्याच्या मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्यात होते, आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. चार दिवस तो माझ्यासोबत जेवायला बसला नाही.

आणि तोच निरोप तुलाही आला होता. तुझं शिवणाचं पान, सहा वर्षांचे फोटो, त्यावरून येणारी सगळी गिऱ्हाइकं, सगळं एका बोटावर उभं होतं. तू उघडला नाहीस, मला फोन केलास. विचारलंस, हे तूच पाठवलंस का. आजूबाजूला माणसं, मी घाईत, आणि घरातला कॉम्प्युटरवाला म्हणवणाऱ्यानं माहीत नाही कसं म्हणायचं? ताई, मी चक्क म्हणालो, हो, मीच, उघड. त्यात आहे काय, असं विचारलंस तर म्हणालो, असंच काहीतरी. सख्ख्या भावानं ग्वाही दिली, तरी तू उघडला नाहीस.

नंतर तू कारण सांगितलंस ते मी खोलीत सगळ्यांना ऐकवतो. "कपडा ओळखीच्या घरातून आला तरी मी आधी चाचपते, मगच मशीनवर घेते. टाचणी ओळख बघून टोचत नाही." आणि वर म्हणालीस, लहानपणी मी तुझ्या मशीनची सुई मोडली आणि काय केलंस म्हणून तू विचारलंस, तेव्हाही मी 'असंच काहीतरी' म्हणालो होतो.

माझ्यावर ओरडली असतीस तर बरं वाटलं असतं. तू त्याऐवजी ग्रंथालयातल्या बाईंना गाठलंस, वहीत सगळं लिहून घेतलंस आणि मला एकेक टाका घालून दिल्यासारखं सांगितलंस. जे बसवलं ते आधी काढ. पासवर्ड या कॉम्प्युटरवरून नको, दुसऱ्याच्या चांगल्या फोनवरून बदल. प्रत्येकाचा वेगळा ठेवा. काम झालं की खात्यातून बाहेर पडा. आणि ज्यांना ज्यांना निरोप गेला त्यांना स्वतःच्या तोंडानं सांग की तो मी नव्हे. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं. जाड्याच्या सासऱ्यांनाही मीच फोन केला. भिंतीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसला. आता कोणालाही काही आलं की खोलीतून एकच आवाज येतो, आधी चाचप रे.

तू पाठवलेला शर्ट महिन्यापूर्वीच मिळाला. कळवायचं राहिलं. खांद्यांवर दुहेरी कापड, वर दाट शिलाई. तेव्हा मला हसू आलं, म्हटलं, ताईकडे कापड जास्त झालेलं दिसतंय.

परवा तू म्हणालीस, रविवारी शिवणवर्गातल्या बायकांना हे सगळं तू फोनवरून समजाव, तू कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. मी लगेच हो म्हणालो. काल तुझा शर्ट पहिल्यांदा घालून कामावर गेलो, खांद्यावर पेटी घेतली आणि जाणवलं की खांदा सोलवटत नाहीये. मी तिथंच उभा राहिलो, मागचा माणूस शिव्या घालेपर्यंत. मागच्या सुट्टीत माझा जुना शर्ट तूच धुवायला घेतला होतास ना? खुर्चीत बसणाऱ्याचा शर्ट कोपरात विरतो. खांद्यावर विरत नाही. कॉम्प्युटरसमोर बसलेला माझा फोटो तुला पाठवला होता ना, त्यातली ती खुर्ची फाटकावरच्या कारकुनाची आहे ताई, तो चहाला गेला होता. मी शीतगोदामात पेट्या वाहतो. तुला तेव्हाच कळलं, आणि तू मला उसवलं नाहीस, आतून कापड लावून दिलंस. म्हणून हे पत्र. रविवारी बायकांशी तूच बोल, शिकलीस तू, शिकवलंस तू. आणि कोणी विचारलं की भाऊ काय करतो, तर पेट्या वाहतो म्हणून सांग. असंच काहीतरी म्हणू नकोस.

तुझाच,
खांदे शाबूत असलेला भाऊ