ऐंशी घरं आणि रोशींची घंटा

प्रिय शिगेकी,

तुझ्या पाकिटावर आता 'गेन्को' हे दीक्षेचं नाव असतं. असू दे. ते तुझ्या मठातल्या गुरूंनी, रोशींनी ठेवलं, हे मी ठेवलंय, आणि बाळंतकळा मला आल्या होत्या.

पत्र पोचलं. एकच ओळ. 'केन्शो झाल्याशिवाय परतणार नाही.' अरे, बटाटे कधी शिजतील तेसुद्धा माणसाला सांगता येतं! बाबांच्या मागे आपल्या विहाराचा वारस व्हायला दोन वर्षांचं शिक्षण पुरत होतं. तुला चौथं लागलं. रोज पहाटे तू रोशींसमोर जाऊन त्यांच्या कोड्याचं उत्तर देतोस, ते घंटा वाजवतात, की तू बाहेर. तीन वर्षं तीच घंटा ऐकल्यावर एखाद्याला वाटलं असतं, आपल्याला घरी जायला सांगतायत.

लग्नानंतर तुझे बाबा मुळ्याचं लोणचं चघळत मला शिकवायचे, "चिनी गुरू जिला 'वू' म्हणायचे ती जाग, तीच आपली सातोरी. केन्शो म्हणजे आपलं खरं रूप पहिल्यांदा दिसणं, दार किलकिलं होणं. सातोरी म्हणजे त्या उन्हात जाऊन राहणं." मी म्हणायचे, "आपलं पुढचं दार खाचेतून निसटलंय, ते आधी बसवा." ते हसायचे. दार तसंच राहायचं. एकदा मी विचारलं, "तुम्हाला झालं का हो?" तेव्हा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मठात होतो, आबा गेल्याची तार आली, उठून आलो. इथे विहाराची ऐंशी घरं वाट बघत होती."

'बाबा बरे आहेत' असं मी दर पत्रात लिहीत आले. खोटं होतं. ओबोनला, पितरांच्या सणात, घरोघरी सूत्र म्हणत फिरताना, अकराव्या घरात, साकाईआजींच्या देवघरासमोर, ते मध्येच थांबले. आयुष्यभर म्हटलेलं हृदयसूत्र, आणि पुढची ओळ येईना. त्यांची पिशवी धरून मी मागे बसले होते. ओळ मी उचलली आणि शेवटपर्यंत नेली. आजी म्हणाल्या, "वहिनी, आज शब्द तरी कळले. भन्तेजी निम्मे गिळतात." बाबाही हसले. बाहेर आल्यावर माझी बाही धरून म्हणाले, "पोराला कळवू नकोस. माझं राहिलं ते त्याचं होऊ दे." उरलेली एकोणसत्तर घरं त्यांनी ओठ हलवले, आवाज माझा होता.

गावाला काय, दोन दिवसांत कळलं. उमेनोकाकांनी विहाराची सभा बोलावली. "शरद-विषुवदिनाच्या आत वारस सांगा वहिनी, नाहीतर बाहेरून भिक्षू आणावा लागेल. त्याचंही कुटुंब असणार. तुम्हाला जागा सोडावी लागेल, वाईट वाटून घेऊ नका." तीस वर्षं ज्या फरशा पुसल्या त्यांच्यावर बसून मी वाईट वाटून घेतलं नाही. म्हटलं, "मी दीक्षा घेते." काकांचा चहा नाकात गेला. "बाईमाणूस?" साकाईआजी म्हणाल्या, "ओबोनभर तीच तर म्हणत होती. तू कोणाच्या पाया पडत होतास, उमेनो?"

म्हणून हे पत्र, बाबांना दिलेला शब्द मोडून. सोबतच्या कागदावर वारसाने हक्क सोडल्याचं लिहिलंय. त्यावर तुझ्या नावाचा शिक्का लागतो. विषुवदिनाला वीस दिवस आहेत. एक तर तू ये, नाहीतर शिक्का मारून कागद पाठव आणि खुशाल बस तिथे, मी रागावणार नाही. रागावेन, पण कळवणार नाही. फक्त दोन्ही टाळून पुन्हा एका ओळीचं पत्र धाडू नकोस. त्या ओळीत आम्हा दोघांना राहता येत नाही. मला कसली जाग आलेली नाही, तेवढा वेळ कुणी दिलाच नाही. सूत्र मात्र पाठ आहे. पुढचं दार मी परवा बसवलं. घट्ट झालंय. आलास तर ढकलू नकोस, जरा उचलून सरकव.

तुझीच,
अजून डोक्यावर केस असलेली,
आई